आमच्या ह्यांचा कान

आमचे हे जन्मजात संशयी. दुकानदार नुसता हसला तरी वजनकाटा तपासतील. तीस वर्षं सभागृहांच्या भिंतींना आवाज शोषणारे पॅनल बसवताहेत. पद्धत ठरलेली. हे मधोमध उभे राहून टाळी वाजवणार, आणि मी शेवटच्या रांगेत बसून 'घुमतंय' किंवा 'ठीक आहे' सांगणार.

यंदा एका शाळेच्या नव्या सभागृहात एक इंजिनिअर मुलगी लॅपटॉप घेऊन हजर. म्हणाली, "काका, हे न्यूरल नेटवर्क. हजारो खोल्यांत आवाज कसा फिरतो ते याला शिकवलंय. आता नकाशा दिला की नव्या खोलीतलंही सांगतं."

"खोलीत पाऊल न टाकता?" ह्यांच्या भुवया चढल्या. मला कोपऱ्यात घेऊन पुटपुटले, "पॅनलच्या कंपनीनेच पाठवलेली दिसते. माल खपवायचाय."

नेटवर्कचं म्हणणं होतं, मागच्या भागात दोन्ही भिंतींमध्ये बारीक टर्रर्र असा आवाज उठेल. हे तरातरा तिथे गेले, टाळी वाजवली, कान दिला.

"कुठे आहे? शुद्ध थापा!"

मुलगी माझ्याकडे बघू लागली. मला तो टर्रर्र आवाज स्पष्ट ऐकू आला होता.

बारीक आवाज ह्यांच्या कानापर्यंत पोचत नाहीत, हे मी ओळखून होते. दाराची बेल वाजली की मी सहज उठल्यासारखी उठायचे. डॉक्टरचं नाव काढलं असतं तर त्याच्यावरही संशय घेतला असता. आणि खरं सांगते, मलाच भीती वाटायची. कान गेला तर ह्या माणसाने करायचं काय?

"तू सांग गं. येतंय काही ऐकू?"

"येतंय," मी म्हणाले.

ह्यांनी पुन्हा टाळी वाजवली. या वेळी भिंतीकडे न बघता माझ्या तोंडाकडे बघत.

"मला येत नाही, हे कधीपासून माहीत आहे तुला?"

"दोन वर्षं झाली."

साऱ्या जगावर संशय घेणाऱ्या ह्या माणसाने माझ्यावर मात्र कधी घेतला नव्हता. खुर्चीची पाठ घट्ट धरून ह्यांनी हळूच विचारलं, "मग ही दोन वर्षं तू 'ठीक आहे' म्हणत होतीस, ते हॉल ऐकून, की माझ्याकडे बघून?"

त्या दोन वर्षांत आम्ही पाच हॉल केले होते. तीन वेळा मी खरं बोलले होते.