शिंप्याच्या एजंटकाकू

एजंटकाकूंचा आवाज एवढा मोठा की त्यांनी आमच्या आंजी गावात म्हशीला हाक मारली तर वर्ध्यात टांग्याचे घोडे थांबत. देशातल्या पहिल्या निवडणुकीत त्यांनी याच आवाजावर अर्धं गाव केंद्रावर नेलं. "हातपाय धड हायेत ना? मंग मत द्या!" एवढंच त्यांचं भाषण. वरातीतला नवरदेवसुद्धा त्यांनी घोड्यावरून उतरवून रांगेत उभा केला. मुहूर्त टळला, मत टळलं नाही. तेव्हापासून त्या साऱ्या गावाच्या एजंटकाकू; खरं नाव त्यांच्या नवऱ्यालाही आठवेना.

मग एका उन्हाळ्यात गावात तंबूचा सिनेमा आला. गोष्ट निवडणुकीचीच. इकडे जिलेब्या वाटणारा शेठ, तिकडे भोळा शिंपी. लोक हसून हसून लोळले. शेवटी शेठ निवडून आला आणि काकू उभ्याच राहिल्या. "शिंपी असा कसा पडला? प्रचारच नाई केला कोनं!"

दुसऱ्या दिवसापासून प्रचार त्यांच्याकडे. विहिरीवर, चक्कीवर, देवळात एकच घोष: "टाळ्या शिंप्यालेच! शेठाले कोनी हासाचं नाई!" टाळ्यांनी तंबूचे खुंटे उपटायचे, आणि रोज शेठच निवडून यायचा.

तंबूच्या मालकानं हात जोडले. "काकू, पिच्चर आधीच काढेल आहे. निकाल नाई बदलत."

"मंग फेरनिवडनूक घ्या!"

शेवटच्या खेळानंतर ती झालीच. कनातीआड रॉकेलचे दोन डबे. एकावर कैची काढलेली, दुसऱ्यावर जिलेबी. माणशी एक सरकी, आत जाऊन एकट्यानं टाकायची. शिंप्याच्या डब्यातल्या सरकीवर गावची ढोरं पोळ्यापर्यंत पोसली. शेठाचा डबा उलटा केला तर टप्पकन एकच सरकी पडली.

काकू गर्रकन नवऱ्याकडे वळल्या. "जिलेबीले हापापलेला मानूस गावात एकच हाये!"

काका गरीब, रिकामे डबे उचलायला लागले. पुढे जन्मभर त्यांच्या चहात साखर कमी आणि टोमणे जास्त. पाहुणा आला की काकू ओळख करून देत, "हे आमच्या घरचे, शेठाचे मतदार."

म्हातारपणी काकू अंथरुणाला खिळल्या. डॉक्टरनं आशा सोडली. मी भेटायला गेलो तेव्हा काका त्यांचे पाय चेपत होते. काकू पुटपुटल्या, "आवो, थे सरकी माह्यीच होती. एकबी मत नाई पडलं तं थो शेठ बायकोले काय तोंड दाखवन, असं वाटलं मले. तुमाले उगाच बोलली."

"माह्यी नाई, येवढं मले मालूम होतं," काका शांतपणे म्हणाले. "मी टाकलीच नोहती. रांग लांब होती, मोजनीपर्यंत घरी येऊन झोपलो."

काकू ताडकन उठून बसल्या. "मतच नाई देल्लं?"

तो आवाज ऐकून सिंदीच्या स्टेशनात उभी असलेली गाडी शिटी समजून सुटली म्हणतात. ते मी पाहिलं नाही. पण त्या रागावर काकू आणखी दोन उन्हाळे जगल्या, हे मी या डोळ्यांनी पाहिलं.