अडीच अंशांची पाचर

त्या उन्हाळ्यात बायको दर रविवारी स्वारगेटला वेल्ह्याच्या एसटीत बसायची आणि मी एकटाच जीप घेऊन त्या एसटीच्या मागून जायचो. फाट्यावर उतरली की माझ्या जीपमधला पाण्याचा एक कॅन काढून घ्यायची आणि डोंगराची वाट पायी चढायची. बाकीचे कॅन मी जीपमधून वर न्यायचो.

"कॅनला बसवा तुमच्या गाडीत," ती म्हणायची. "त्याला पोरंबाळं नाहीत."

मी पुण्यात आलो तेव्हा मार्केट यार्डात दुसऱ्याच्या गाळ्यावर वजनं करत होतो. पुढे हिंजवडीला काचेच्या इमारती उभ्या राहू लागल्या. एवढी पोरं दुपारी जेवणार कुठे, हे मी इतरांच्या आधी ओळखलं आणि दोन कँटीनना भाजीपाला पुरवायचं काम मिळवलं. त्या पैशातून डोंगराच्या उतारावर अर्धा एकर घेतला. जागा बायकोने निवडली, आंब्याची वीस कलमं तिने लावली; कॅनमधलं पाणी त्यांच्यासाठीच. वाट मात्र नुसत्या धोंड्यांची होती. जुनी जीप घेतली तरी तिचं पोट धोंड्यांना घासायचं. म्हणून मी तिला उंच पाटे, म्हणजे गाडीचा भार झेलणाऱ्या पोलादी पट्ट्या, घातले, आणि तिथून सगळं बिघडलं.

पाटे नाना पेठेतल्या एका दुकानदाराकडून घेतले. तो म्हणाला, दोन इंच उंची पुरे. मी म्हणालो, त्याच भावात चार द्या. तासभर घासाघीस केली आणि चार इंच मिळवूनच उठलो. जीप अशी उभी राहिली की सोसायटीतली माणसं गॅलरीतून वाकून बघायला लागली.

पहिल्याच रविवारी कात्रजचा घाट उतरून आम्ही सरळ रस्त्याला लागलो. समोरून ट्रक आला. मी स्टेअरिंग जरासं डावीकडे दिलं, गाडी डावीकडे गेली आणि जातच राहिली. उजवीकडे ओढली तर उजवीकडे जातच राहिली. धाकटी बायकोच्या मांडीवर होती, थोरली मागे. ट्रक हॉर्न वाजवत निघून गेला. आम्ही तिथूनच घरी परतलो. दाराचं कुलूप काढताना बायको म्हणाली, "मी या गाडीत पुन्हा बसणार नाही. पोरींना तर नाहीच."

मी नाना पेठेत गेलो आणि चार गिऱ्हाइकांसमोर त्या दुकानदाराला नाही नाही ते बोललो. पाटे खराब आहेत, तू मला फसवलंस, असं सगळं. तो शांतपणे म्हणाला, "पाटे चांगले आहेत, साहेब." त्या शांतपणाचा राग मी पुढे कितीतरी दिवस जपून ठेवला.

मग गॅरेजं सुरू झाली. एकाने स्टेअरिंगचे सांधे बदलले. दुसऱ्याने स्टेअरिंग बॉक्स इतका आवळला की चाक फिरवायला दोन्ही हात लागायला लागले, पण गाडी भटकायची ती भटकतच राहिली. तिसरा नव्यानेच आलेल्या कॉम्प्युटरवर अलाइनमेंट करायचा. त्याने छापील कागद दिला आणि म्हणाला, चाकं सरळ आहेत, एक आकडा लाल आलाय पण तो या गाडीला बदलता येत नाही. तो कागद मी पुढे भांडायला उपयोगी पडेल म्हणून जीपच्या कप्प्यात ठेवला.

आमच्या गाळ्यावरचा वजनकाटा दुरुस्त करणारा माणूस होता. माझी कटकट ऐकून त्याने कसबा पेठेतला एक पत्ता दिला. म्हणाला, "त्यांना कोनातलं कळतं."

ते गृहस्थ एका मोठ्या कारखान्याच्या टूलरूममध्ये होते. नवी मशीनं आली तेव्हा स्वेच्छानिवृत्ती घेऊन बाहेर पडले आणि घराच्या तळमजल्यावर लोखंड तासायचं एक जुनं शेपर मशीन लावून बसले. पांढरा शर्ट, खिशाला शाळकरी मुलाकडे असतो तसला कोनमापक. मला म्हणाले, "गाडी नदीकाठी लावा. आमच्या गल्लीत आपली उंची मावायची नाही."

गाडीपाशी आल्यावर त्यांनी पाट्यांना हातही लावला नाही. पुढचं चाक ज्या खिळीभोवती वळतं, तिच्या टोपीवर त्यांनी काटकोनी गुण्या ठेवला, बाजूला दोऱ्याने ओळंबा सोडला, कोनमापक धरला आणि वारा थांबेपर्यंत वाट पाहिली. मग म्हणाले, "अर्धा अंश."

मी कप्प्यातला कागद काढला. लाल आकडा अर्ध्याचाच होता. त्या एवढ्या मोठ्या वातानुकूलित शेडमधल्या मशीनने जे सांगितलं, ते या माणसाने दोरा आणि प्लास्टिकचा तुकडा घेऊन नदीच्या वाऱ्यात सांगितलं होतं. मी आयुष्यात काट्यांवर भरपूर वाद घातले होते. पहिल्यांदाच मला वाद घालावासा वाटला नाही.

"म्हणजे काय झालंय?" मी विचारलं.

त्यांनी शेजारची आपली सायकल घेतली. नुसतं सीट धरून पुढे ढकलली. हँडलला हात नव्हता, तरी सायकल सरळ गेली. मग सीट धरूनच मागे ओढली. हँडल लगेच वाकडं झालं आणि सायकल पडायला आली.

"पुढचा दांडा मागे कललेला असतो, म्हणून पुढे जाताना चाक आपोआप सरळ येतं. तुमच्या जीपलाही तसाच कल दिलेला होता, तीन अंश. उंच पाट्यांनी पुढचा अ‍ॅक्सल फिरला आणि कल गेला. आता तिला सरळ कुठे ते आठवत नाही. अडीच अंशांची पाचर घालू."

"अडीचच कशाला? पाच करा. लोखंड काय जास्त लागतंय?"

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे पाहिलं. "बरं."

तिसऱ्या दिवशी मी जीप घेऊन गेलो. पाटा आणि अ‍ॅक्सल यांच्यामध्ये लोखंडाच्या दोन पाचरी बसवल्या, जाड बाजू पुढे. यू-बोल्ट आवळले. मी जोरात निघालो. गाडी सरळ धावली खरी, पण वळायला तयार होईना. संगम पुलाच्या वळणावर खांदे भरून आले. फोर व्हील घातलं तर खालून शाफ्ट घुमायला लागला. परत आलो तर ते तिथेच उभे होते. खिशातून रुमाल काढला. रुमालात दुसऱ्या दोन पाचरी होत्या.

"ही तुमच्या मापाची झाली," ते म्हणाले. "आता माझ्या मापाची घालू या का?"

"आधी का नाही बोललात?"

"बोललो होतो. आपण ऐकलं नाही."

आणि त्याच क्षणी मला नाना पेठेतली ती दुपार आठवली. चार इंच बांधून देताना दुकानदार म्हणाला होता, "मग पुढचा अँगल बघून घ्या, साहेब." मी म्हणालो होतो, "अँगलचं मला सांगू नका, भावाचं बोला." म्हणजे तो बोलला होता. पण फार हळू आवाजात बोलला होता, असं मी आजही म्हणतो. त्याची माफी मी मागितलेली नाही. दुकानावरून जाताना मान खाली जाते, एवढं खरं.

घाला म्हणालो आणि त्यांची पाचर हातात घेऊन पाहिली. एका बाजूला जेमतेम करंगळीएवढी जाड, दुसरीकडे किंचित उतरलेली. दोन बाजूंतला फरक डोळ्यांना धड दिसतही नव्हता. एवढ्याशा फरकावर माझ्या घरातली माणसं माझ्याबरोबर बसणार की नाही हे ठरणार होतं.

रविवारी स्वारगेटला बायको रांगेत उभी होती. मी जीप पुढे आणून लावली.

"फाट्यापर्यंत बस. नाही पटलं तर तिथून पायी जा."

"पोरी नाहीत. मी एकटी. आणि वेग मी सांगेन तो."

"मान्य." मी घासाघीस केली नाही.

ती पुढे बसली, समोरचा दांडा दोन्ही हातांनी धरून. घाट उतरताना, त्या सरळ रस्त्याच्या आधीच, एक वळण आलं. मी गाडी वळवली आणि हातांची पकड सैल केली. स्टेअरिंग माझ्या तळव्यांमधून सरकत परत आलं आणि बरोबर मधोमध थांबलं. कुणीतरी समोर बसून हळूच फिरवल्यासारखं.

बायकोने पाहिलं. "हे तुम्ही केलं?"

"नाही. ते आपलं आपण येतं."

"पुन्हा करा."

पुढच्या वळणावर पुन्हा झालं. त्याच्या पुढच्या वळणावरही. सरळ रस्त्यावर समोरून ट्रक आला, बाजूने गेला, आणि जीप आपल्या जागेवरून हलली नाही. मी हात स्टेअरिंगवर नुसते टेकवून ठेवले. एवढा मोठा, अवजड लोखंडी गाडा, आणि त्याच्या आत कुठेतरी सरळ म्हणजे काय याची आठवण परत आली होती.

फाटा आला. मी गाडी थांबवली. ती उतरली नाही. दांड्यावरचे हात काढून तिने मांडीवर घेतले आणि शेजारी सीटवर ठेवलेल्या कॅनकडे पाहिलं.

"पुढच्या रविवारी याला मागे टाका," ती म्हणाली. "इथे पोरी बसतील."