रस्त्यापलीकडून पाहिलेलं चित्र

फर्गस टूमीने तीस वर्षं न्यूयॉर्कच्या इमारतींवर जाहिराती रंगवल्या. उंच फळीवर उभं राहून पुरुषभर मोठे ओठ रंगवायचे, मग खाली उतरून रस्ता ओलांडायचा आणि पलीकडून बघायचं. तिथून पटलं तरच काम झालं, हा त्याचा कायदा.

बासष्ट साली त्याचा फळीवरचा जुना जोडीदार व्हिटो चित्रकार म्हणून गॅलरीत झळकला. भिंतभर चित्रात टोमॅटोच्या रश्श्यातली स्पॅगेटी आणि वर मोटारीचं नाक. एक समीक्षक नाक मुरडून सांगत होता, "इतकी वर्षं रंगांच्या फराट्यांत माणसाचं मन दिसायचं. आता याला म्हणे पॉप आर्ट म्हणायचं. ही तर जाहिरात आहे."

चित्र बघायला आलेला फर्गस बाहेर गेला, रस्ता ओलांडून काचेतून निरखून परत आला.

"व्हिटो, उजवीकडे रस्सा मळकट पडलाय लेका. पलीकडून गांडुळं दिसतात."

गॅलरीची मालकीण मध्ये पडली. "अहो, चित्र विकलं गेलंय."

"म्हणूनच सांगतोय, बाई. गिऱ्हाइकाला आम्ही असं काम देत नाही."

व्हिटोने कोट काढून समीक्षकाच्या हातात दिला आणि रंग-ब्रश मागत बाह्या सरसावल्या.