मोसंबी दाराबाहेर जाते तेव्हा

कौसाबाईंनी ट्रेमधली मोसंबी उचलली, हातात तोलून पाहिली आणि तशीच घेऊन त्या दुकानाबाहेर चालू लागल्या. रस्त्याच्या कडेला उन्हात उभं राहून त्यांनी ती सगळ्या बाजूंनी फिरवून बघितली. मग परत आत आल्या, ती ट्रेमध्ये ठेवली आणि म्हणाल्या, "रफीक, तू पण आता दिव्याखाली माल इकाले लागला का रे बाबू?"

रफीकभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी छताकडे पाहिलं, कारण तो दिवा मी लावला होता.

मी इंटिरियर डिझायनर. चंद्रपुरात माझं छोटंसं ऑफिस आहे. क्वार्टरमधली किचन, डॉक्टरांच्या वेटिंग रूम, कपड्यांची दुकानं अशी कामं मी वीसेक वर्षं करते आहे. गडचांदूरचं रफीकभाऊंचं ज्यूस सेंटर हे त्यातलं सगळ्यात लहान काम. आठ बाय बारा फुटांचा गाळा, वर टिनाचं छप्पर, समोर रस्ता. चार दिवसांत ड्रॉइंग, तीन आठवड्यांत काम, असा माझा हिशेब होता. प्रत्यक्षात एवढं मला कुठल्या बंगल्यानेही पळवलं नाही.

रफीकभाऊ अठरा वर्षं बसस्टँडजवळ एका कडुनिंबाखाली हातगाडीवर ज्यूस विकायचे. रस्ता रुंद झाला, झाड गेलं, गाडीची जागाही गेली. म्हणून त्यांनी हा गाळा घेतला. गावात त्यांचं नाव एकाच गोष्टीसाठी होतं, रफीक खराब फळ कापत नाही. आसपासच्या खेड्यांतली माणसं दवाखान्यात पेशंटला ज्यूस न्यायची ती त्यांच्याच गाडीवरून. कौसाबाई त्यातल्याच. त्यांची कापसाची शेती होती, आणि बाजाराच्या दिवशी त्या न चुकता यायच्या. त्या दिवशी तर तापातून उठलेल्या नातीसाठी ज्यूस न्यायला रिकामी बाटली घेऊन आल्या होत्या. ती बाटली रिकामीच परत गेली.

काम सुरू करताना रफीकभाऊंनी मला एकच गोष्ट सांगितली होती. "म्याडम, बाकी तुमाले जे करायचं ते करा. धूळ नाई पाह्यजे. गाडीवर फडकं मारून मारून हात दुखून राह्यले."

त्यांचं बरोबर होतं. सिमेंट कारखान्यांचं गाव आहे. सकाळी उभी केलेली मोटरसायकल संध्याकाळी बघावी तर सीटवर बोटाने नाव लिहिता येतं. म्हणून मी दर्शनी बाजू पूर्ण काचेची केली आणि काचेवर रंगीत फिल्मची पट्टी चिकटवली, म्हणजे ऊन आत येऊ नये. धूळ थांबली. उजेडही थांबला. त्याची मला काळजी नव्हती, कारण उजेड करणं हेच तर माझं काम.

मी फॉल्स सीलिंग केलं. फॉल्स सीलिंग म्हणजे खऱ्या छताखाली टांगलेलं दुसरं, देखणं छत. त्यात प्लायवूडची चार फुटी गोल मोसंबी कापली, आडवी चिरल्यावर दिसते तशी, फोडी फोडींची. तिच्या मागे 'वॉर्म व्हाइट' एलईडीची पट्टी फिरवली. वॉर्म व्हाइट म्हणजे हॉटेलात किंवा सराफाच्या दुकानात असतो तो पिवळसर, ऊबदार प्रकाश. बरोबर त्याच्याखाली फळांचा रॅक. दिवा लावला की सगळी फळं सोन्यासारखी दिसायची. मी फोटो इन्स्टाग्रामवर टाकला. लोकांनी भरभरून कौतुक केलं. खोटं कशाला सांगू, मी जरा हवेतच होते.

तीन आठवड्यांनी रफीकभाऊंचा फोन आला.

"म्याडम, एक सवाल इचारू का? माह्या हाताची चव गेली काय?"

"का हो? काय झालं?"

"लोक येतेत, फोटो काढतेत, दुकान चांगलं हाय म्हणतेत. मंग मोसंबी हातात घेतेत न् बाहेर नेऊन पाहतेत. अठरा सालात माही मोसंबी कोणी तपासली नव्हती, म्याडम."

त्यांचा आवाज असा होता की मी दुसऱ्या दिवशीची साइट रद्द केली आणि गडचांदूरची बस पकडली. बाजाराचा दिवस होता. कोपऱ्यातल्या स्टुलावर मी सकाळपासून बसून राहिले, आणि दुपारी कौसाबाईंनी ते वाक्य ऐकवलं. ते ऐकून रफीकभाऊ धुतलेलेच ग्लास पुन्हा धुवायला लागले. मला खरोखर लाज वाटली. उन्हाळा तोंडावर होता, ज्यूसवाल्याचं वर्ष म्हणजे तेच चार महिने, आणि त्या माणसाने अठरा वर्षं जपलेलं नाव माझ्या दिव्याखाली बिघडत होतं.

"सोपं आहे," मी म्हटलं. "लाइट बदलू."

मी 'कूल व्हाइट' लावले, म्हणजे पांढरे, किंचित निळसर. फळं सोन्यासारखी दिसायची थांबली आणि आजारी दिसायला लागली. पहिल्याच गिऱ्हाइकाने विचारलं, "कच्ची हाय का भाऊ?" आणि मोसंबी घेऊन तोही बाहेर गेला.

मग मी रॅकच बाहेर काढला, दुकानासमोरच्या शेडखाली. बारा वाजेपर्यंत मोसंब्यांवर राखाडी थर बसला. रफीकभाऊ पुन्हा फडकं घेऊन उभे. ओल्या फडक्याने पुसून पुसून फळं इतकी चमकायला लागली की फॅक्टरीतून सुटलेला एक जण, हेल्मेट काखेत धरून, म्हणाला, "मेण लावलं काय भाऊ?"

रफीकभाऊंनी फडकं खांद्यावर टाकलं आणि पायरीवर बसले. तेवढ्यात त्यांच्या पत्नी शाहीनभाभी जेवणाचा डबा घेऊन आल्या. नवऱ्याचा चेहरा पाहिला, माझा पाहिला, आणि डबा उघडता उघडता मला म्हणाल्या, "म्याडम, तुमी साडी घेता तवा दुकानातल्या लायटात पाहून घेता काय?"

मी आयुष्यात एकही साडी दुकानाच्या दारात नेऊन पाहिल्याशिवाय घेतलेली नाही. सेल्समन कितीही शपथा घेवोत, मी पदर उचलते आणि दाराकडे निघते. साडी सोडा, क्लायंटला लॅमिनेटचा रंग दाखवतानासुद्धा मी नमुना गॅलरीत घेऊन जाते. आणि हे दुकान आखताना मला वाटलं होतं की मोसंबी घेणारी माणसं दिव्यावर विश्वास ठेवतील.

गाडीवर, कडुनिंबाखाली, रफीकभाऊंकडे फुकटचा चांगला उजेड होता. सावलीतला, खरा. तो मी काच आणि प्लायवूड लावून बंद केला होता.

"भाभी, जेवण झालं की मला गजूभाऊंचा नंबर द्या," मी म्हटलं.

गजूभाऊ तिथले पत्र्याचं काम करणारे. त्यांनी वर चढून पाहिलं. छपराचा उतार नशिबाने उत्तरेला होता, म्हणजे ऊन थेट आत उतरणार नव्हतं. "टिनाचा एक पत्रा काढून दुधी पत्रा टाकू," ते म्हणाले. हा प्लास्टिकचा पत्रा गोडाऊनला वापरतात. त्यातून उजेड येतो, पण पसरून, आणि धूळ वरच राहते. म्हणजे जे हवं होतं ते सगळं. फक्त त्याच्या खाली माझं फॉल्स सीलिंग होतं.

रफीकभाऊ अडले. "तुमची कारागिरी हाय ना म्याडम वरती. ते काऊन तोडता? दुसरं काई करू."

"दुसरं दोनदा करून झालं, रफीकभाऊ."

"मंग पह्यला घाव तुमीच घाला. माह्या हातानं नाई होत."

मी शिडीवर चढले. एलईडीची पट्टी ओढून काढली आणि मोसंबीच्या फोडी एकेक करून कापायला घेतल्या, म्हणजे वरचा उजेड त्यांतून खाली यावा. चार फोडी नीट निघाल्या. पाचवी गजूभाऊंनी कापायला घेतली, त्यांची करवत जरा जोरात बसली आणि अर्धा गोल धाडकन खाली आला. नशीब, खाली कोणी नव्हतं. गजूभाऊंनी वर पाहिलं, खाली पाहिलं आणि म्हणाले, "आता अर्धीच ठेवा म्याडम. पुरते तेवढी."

अर्धीच ठेवली. वर दुधी पत्रा बसला, खाली फळांचा रॅक परत आला. संध्याकाळसाठी बाजूला साधे बल्ब लावले आणि काचेवरची रंगीत पट्टी खरवडून टाकली.

पुढच्या बाजाराला मी मुद्दाम गेले. कौसाबाई येतील की नाही याची रफीकभाऊंना खात्री नव्हती. दोनदा तरी त्यांनी मान लांबवून रस्ता पाहिला. अकराच्या सुमाराला त्या आल्या. ज्यूस मागितला नाही, मोसंबी उचलली, आणि सवयीने दाराकडे वळल्या. दोन पावलं गेल्या आणि थांबल्या. हातातल्या फळाकडे पाहिलं, मग वर पाहिलं.

"छपरातून उजेड काऊन येऊन राह्यला रे?"

"तुमच्यासाठीच पाडला, कौसाबाई. उन्हात नका जाऊ. इथीच पाहा."

त्यांनी तिथेच उभं राहून मोसंबी फिरवली. ती ठेवली, दुसरी घेतली. एकेक करत चार फळं बाजूला काढली. पाचवं डोळ्यांजवळ नेलं आणि रफीकभाऊंच्या पुढे धरलं. "याले पाह्य. देठाजवळ डाग हाय."

रफीकभाऊंनी पाहिलं. डाग होता. सकाळी निवडताना त्यांच्या नजरेतून सुटला होता. त्यांनी ती मोसंबी खालच्या टोपलीत टाकली आणि त्यांच्या चेहऱ्यावर असं हसू आलं, जणू बक्षीसच लागलं.

"काढून टाकली, बाई."

"मंग काप बाकीच्या," कौसाबाई म्हणाल्या, बाटली काउंटरवर ठेवली आणि स्टूल ओढून बसल्या. बाटली भरून झाल्यावर एक ग्लास स्वतःसाठीही मागितला.

तो उन्हाळा रफीकभाऊंचा चांगला गेला. दर शुक्रवारी नमाजला जाण्याआधी ते छपरावर चढून दुधी पत्रा धुतात, नाहीतर आठवड्यात त्यावर सिमेंट बसतं. फळं बाहेर नेणारं आता कोणी राहिलं नाही. डाग दाखवणारे मात्र वाढले आहेत, आणि रफीकभाऊंना त्याचा भारी आनंद होतो.

माझ्या इन्स्टाग्रामवर अजून अख्ख्या मोसंबीचाच फोटो आहे. तो पाहून कोणी तसंच छत मागितलं तर मी अर्ध्याची गोष्ट सांगते. आता दुकानाचं काम आलं की ड्रॉइंगच्या आधी मी एक दिवस तिथे स्टुलावर बसते आणि गिऱ्हाईक माल हातात घेऊन कुठे जातं ते बघते. साड्यांचं दुकान असेल तर तेवढाही वेळ लागत नाही. तिथे दाराकडे निघणारी पहिली मीच असते.