फ्लॉसीचा लाल बोर्ड

पाचूबंदरच्या फ्लॉसीला लहानपणापासून एक खोड होती. एखादी वस्तू चालते म्हटलं की ती कशी चालते हे बघितल्याशिवाय तिला चैन पडत नसे. लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर तिने पहिल्याच आठवड्यात उघडून ठेवला होता. तिचा नवरा सायमन बोटीवरून घरी आला की आधी आज काय उघडून पडलंय ते बघायचा आणि मग चहा मागायचा. सायमनला जाऊन बरीच वर्षं झाली, मुलाचं लग्न झालं, पण खोड तशीच राहिली.

त्यामुळे सून रिचेलने सासूच्या मासळीच्या गाळ्यासाठी गोखिवऱ्याच्या एका कारखान्यातून एलईडी बोर्ड बनवून आणला, तेव्हा धंदा वाढेल याचा आनंद फ्लॉसीला बेताचाच झाला. मोबाइलवरून त्याच्याशी खेळायला मिळणार, याचा मात्र फार झाला.

"मम्मी, एकदम इझी आहे," रिचेल म्हणाली. "आधी मोबाइल बोर्डाच्या वाय-फायला जोडायचा. मग ॲपमध्ये बोर्डाची लांबी-उंची बरोबर टाकायची. चुकली तर अक्षरं तुटतात."

"कशी तुटतात?" फ्लॉसीने विचारलं, आणि मुद्दाम चुकीची उंची टाकली. बोर्डावर 'ताजी मासळी'चा फक्त खालचा अर्धा भाग सरकू लागला. मनाचं समाधान झाल्यावर तिने आकडा नीट केला. मग अक्षरांचा वेग एवढा वाढवला की शेजारच्या गाळ्यावरची सालोमी ओरडली, "अगं बंद कर, माझ्या डोक्यात भोवरा फिरतोय!" मजकूर डावीकडून आणला, उजवीकडून आणला, वरून पाडला. जोडाक्षरं फुटायला लागली तेव्हा रिचेलने दाखवलं की मजकूर चित्र म्हणून पाठवला की फुटत नाही. बाजारात निम्मे लोक मासळी सोडून बोर्डच बघत उभे होते.

शेवटी फ्लॉसीला सापडला तो अक्षरांच्या मागे रंग भरायचा पर्याय. तिने लाल निवडला. लाल रंगाचं तिला पहिल्यापासून वेड, त्यात ताजी मासळी ओळखायची ती लाल कल्ल्यांवरूनच, म्हणजे याहून योग्य रंग कुठला? प्रकाश तिने पुरता वाढवला. बोर्ड मासळीवर कलून टांगलेला होता, त्यामुळे गाळा असा झगमगला की डोक्यावरचा जुना पांढरा बल्ब तिने काढूनच टाकला. एवढा उजेड असताना बल्ब कशाला फुकट जाळायचा?

संध्याकाळचा धंदा खरोखरच वाढला. पूर्वी सालोमीकडे थांबणारी गिऱ्हाइकंसुद्धा फ्लॉसीकडे वळू लागली. लोक बांगड्याचा कल्ला उचलून बघत, खूश होत आणि पिशवी पुढे करत. फ्लॉसी मोबाइल हातात धरून एखाद्या साहेबिणीसारखी बसायची.

आणि मग एका संध्याकाळी चंद्रहासभाऊंनी कल्ला उचलला.

चंद्रहासभाऊ होळी गावचे. केळीची आणि भाजीची वाडी, सत्तरी ओलांडलेली, तरी बाजाराला स्कूटरवर येणार. फ्लॉसीची आई गाळ्यावर बसायची तेव्हापासूनचं गिऱ्हाईक. इतक्या वर्षांत या माणसाने मासळीला कधी बोट लावलं नव्हतं. "फ्लॉसी, आज काय नेऊ?" एवढं विचारायचं, ती देईल ते घ्यायचं, आणि जाताना केळीची एक फणी तिच्या पाटीत ठेवायची. त्या दिवशी ते काही न विचारता वाकले, बांगड्याचा कल्ला उचलून बराच वेळ पाहिला, मग काहीच न घेता उभे राहिले.

"काय झाला, भाऊ?" फ्लॉसीने विचारलं.

"काही नाही. सहज." आणि ते निघून गेले. फणीही तशीच स्कूटरला लटकत गेली.

फ्लॉसीच्या काळजाला ते फार लागलं. दुसऱ्या कुणी कल्ला उचलला तर तो त्याचा हक्क होता. पण चंद्रहासभाऊंनी उचलावा म्हणजे तिच्या शब्दावरचा विश्वास संपला, असं तिला वाटलं. त्या रात्री तिला जेवण गेलं नाही. आधीच्या खेपेला त्यांना काय दिलं होतं ते तिने आठवून पाहिलं. बांगडेच. माल उशिरा आला होता, घाई होती. तिने कल्ल्यावर नजर टाकली आणि म्हणाली होती, "ताजा हाय, डोळे झाकून न्या." लालभडक कल्ला तिने स्वतःच्या डोळ्यांनी पाहिला होता. मग चुकलं कुठे?

आता दुसरी एखादी रडत बसली असती. फ्लॉसीने दुसऱ्या संध्याकाळी आदल्या दिवशीचा उरलेला एक बांगडा मुद्दाम गाळ्यावर आणला. सकाळी घराच्या ओट्यावर त्याचा कल्ला तपकिरी पडलेला तिने पाहिला होता. बोर्डाखाली तो उचलला, तर लाल! ती तशीच उठली आणि मासा घेऊन सालोमीच्या पांढऱ्या ट्यूबलाइटखाली गेली. तपकिरी. परत आपल्या बोर्डाखाली. लाल. पुन्हा सालोमीकडे.

"तुला येड लागलाय काय?" सालोमी हसत म्हणाली. "मेलेल्या माशाला फिरवून आनतेस!"

फ्लॉसीचं तिकडे लक्ष नव्हतं. तिने मोबाइल काढून मागचा रंग हिरवा केला. त्या क्षणी उचलून बघावा तो कल्ला, अगदी आत्ताच बोटीवरून उतरलेल्या बांगड्याचासुद्धा, काळाठिक्कर दिसू लागला. एक बाई नाक मुरडून पुढे गेली. पुन्हा लाल केला, सगळे ताजे झाले. फ्लॉसीने मोबाइल खाली ठेवला. बोर्डावर काय लिहिलंय ते कुणी वाचतच नव्हतं. धंदा वाढला होता तो त्या उजेडाने. लोक फसले होते, आणि त्यांच्या आधी ती स्वतः फसली होती. एरवी तिने मासा बोटाने दाबून बघितला असता, पण कल्ला एवढा लाल असताना बोट कोण लावतं?

"सालोमी, आपन गप्प राहिलो तर कोनाला कळनार पन नाय," ती म्हणाली.

"नायच कळनार," सालोमी म्हणाली आणि तिच्याकडे बघत राहिली.

फ्लॉसीने बल्ब परत लावला. बोर्डाची मागची बाजू काळी केली, अक्षरं पांढरी, प्रकाश अगदी थोडा. शिडी मागवून बोर्डाचं तोंड रस्त्याकडे वळवलं. मग बराच वेळ विचार करून नवा मजकूर टाकला आणि वेग इतका कमी ठेवला की म्हाताऱ्या माणसालाही सावकाश वाचता यावा. पुढचे काही दिवस संध्याकाळचा धंदा पडला. रिचेलने विचारलं, "मम्मी, रेड मस्त होता ना?" तेव्हा फ्लॉसीने तिला बांगडा हातात देऊन सालोमीच्या ट्यूबलाइटखाली पाठवलं.

चंद्रहासभाऊ आले ते रविवारी. गाळ्यासमोरून पुढे चालले होते. फ्लॉसीच उठून आडवी आली.

"भाऊ, त्या दिवशीचे बांगडे शिळे होते. या बोर्डाच्या लाल उजेडात मला ताजे दिसले. मी तुम्हाला डोळे झाकून न्या म्हटला, ते माझा चुकला."

चंद्रहासभाऊ थोडे ओशाळले. "शिळे होते खरे. मांजरीने खाल्ले. पण तुला कसं सांगायचं, तेच कळेना मला." मग त्यांनी मान वर करून डोळे बारीक केले. "आता काय लिहिलंयस त्यावर? चष्मा घरी राहिला."

फ्लॉसीने बोर्डाकडे बोट केलं. "लिवलाय, कल्ला उघडून, बघून घ्या."

चंद्रहासभाऊंनी पाटीतल्या बांगड्यांकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांनी पिशवीतली केळीची फणी काढून तिच्या पाटीत ठेवली आणि रिकामी पिशवी तिच्यासमोर धरली.

"मग तूच बघ की," ते म्हणाले.