छायाताईंचा डावीकडचा ब्रेक

मागच्या महिन्यात एका बुधवारी सकाळी छायाताई आमच्याकडे चक्क पायी आल्या. प्रताप नगरात आमच्या गल्लीत त्यांना कोणी पायी पाहिलेलंच नाही... साडेसहाला गेटसमोर पांढरी गाडी, दोनदा हॉर्न आणि मी धावत खाली, असा आमचा नेम.

छायाताई बायकांना गाडी शिकवतात. नवऱ्याची गाडी वर्षातले दहा महिने कव्हरखाली झोपलेली असते आणि मी ऑटोवाल्यांशी भांडत असते, म्हणून एकोणपन्नासाव्या वर्षी मी शिकायला निघाले. एकवीस दिवसांच्या क्लासमधले सोळा झाले होते, तरी समोरून बस आली की माझे डोळे आपोआप मिटायचे.

तरी वाचले, कारण छायाताईंच्या गाडीत डावीकडे त्यांच्या पायाशीही क्लच आणि ब्रेक होता. शिकवणीच्या गाड्यांना असतो ना, तसा. मी चुकले की त्या गप्पा मारता मारता पाय दाबायच्या... मेन रोडवर तर निम्मी गाडी त्याच चालवायच्या.

तीच गाडी सोमवारी पहाटे त्यांच्या घरासमोरून चोरीला गेली होती, म्हणूनच दोन दिवस क्लास बंद होता.

त्यांचं सगळं घर त्या गाडीवर चालायचं. नवऱ्याची कंपनी बंद पडून दोन वर्षं झालीत, मुलगी नर्सिंगला. सकाळी पाच बायकांना शिकवायचं, दुपारी कुणा आजींना दवाखान्यात न्यायचं-आणायचं, तेव्हा कुठे महिना कसाबसा निघायचा. गाडीचा विमा होता, पण चोरीला लागू होणारा नव्हता.

मला वाटलं, मन मोकळं करायला आल्या असतील. पण त्या आल्या होत्या माझ्या उरलेल्या पाच दिवसांची सोय सांगायला. दुसऱ्या एका क्लासवाल्याशी बोलून ठेवलं होतं, वेळही साडेसहाचीच मागून घेतली होती. मध्ये खंड पडला की मी परत स्टिअरिंगला हात लावणार नाही, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं... गाडी जाऊन दोन दिवस झालेली ही बाई माझ्या क्लचची काळजी करत होती.

आमच्याकडून त्या बसने शहराबाहेर खापरखेड्याला जाणार होत्या. तिकडे रस्त्याकडेला एक पांढरी गाडी सापडली होती, नंबर प्लेट काढलेली. पोलिसांनी ओळखायला बोलावलं होतं. मी म्हटलं, बसने कशाला, आमची गाडी न्या. हे अमरावतीला गेलेत, कोण विचारतंय.

त्यांनी किल्ली घेतली, क्षणभर विचार केला आणि माझ्याच हातात परत दिली.

"तुम्हीच चालवा मॅडम. माझे हात थरथरून राहिले."

आता अशा वेळी नाही कसं म्हणणार? दोन कागदांवर माझ्या लाल टिकल्या चिकटवून L काढले, गाडीला पुढे-मागे लावले आणि निघालो. आमच्या गाडीत डावीकडे ब्रेकबिक काही नाही. छायाताईंचा एक हात हँडब्रेकवर, बस... तेवढाच आधार.

कोराडीच्या देवीला मी त्या दिवशी काय काय कबूल केलं ते आता आठवतही नाही. मागून ट्रकवाले हॉर्न देऊन देऊन जीव खात होते. छायाताई मात्र एकदाही ओरडल्या नाहीत. आरशात पाहा, त्याला जाऊ द्या, तुम्ही तुमच्या लाइनीत राहा... घरात बसून भाजी निवडताना बोलावं तसा आवाज.

गाडी रस्त्याच्या खाली गवतात उभी होती. टपावर जवळच्या पॉवर स्टेशनची राख बसलेली. रंग तोच, मॉडेल तेच. हवालदारांना विचारून छायाताईंनी दार उघडलं आणि डावीकडे खाली वाकून पाहिलं. तिथे नुसतं रबराचं मॅट होतं.

"आपली नाही," म्हणाल्या.

आणि मग मात्र त्या रडल्या. ओढणी तोंडाशी धरून, अजिबात आवाज न करता. मी पाठीवर हात ठेवून उभी राहिले. जरा वेळाने त्यांनी बाटलीतल्या पाण्याने तोंड धुतलं, माझ्याकडे पाहिलं आणि रिव्हर्स घ्यायला सांगितला.

घेतला. घरी पोचलो तेव्हा माझा कुडता घामाने पाठीला चिकटला होता, पण गाडीवर एक ओरखडा नव्हता.

त्यांची गाडी अजून सापडलेली नाही. पण दुसऱ्या दिवशी साडेसहाला छायाताई पायी येऊन गेटशी हजर. दुसरा क्लासवाला राहिला बाजूला, माझे उरलेले दिवस त्यांनी आमच्याच गाडीवर पूर्ण केले. ते बघून आमच्या बिल्डिंगमधल्या आणखी तीन गाड्यांची कव्हरं निघालीत... बाल्कनीतून बघणाऱ्या नवरे मंडळींचे चेहरे पाहण्यासारखे असतात. आता छायाताई ज्या घरची बाई, त्याच घरच्या गाडीवर शिकवतात.

क्लासच्या शेवटच्या दिवशी मी विचारलंच. त्या दिवशी तुमचे हात कुठे थरथरत होते हो? हँडब्रेकवरचा हात तर जराही हलत नव्हता.

त्या हसल्या. "गाडी भेटत नाही, हे मले पहिल्याच दिवशी समजलं होतं मॅडम. घर तं चालवाच लागते. डावीकडे बिना ब्रेकचं बसून शिकवता येते का, ते पाहून राहिली होती. त्या दिवशी क्लास माझा होता."

आणि त्या परीक्षेसाठी या बाईने सगळ्या प्रताप नगरातली सगळ्यात घाबरट विद्यार्थिनी निवडली... मी!

परवा आरटीओत माझी टेस्ट झाली, पास झाले. घरचे, ऑफिसचे सगळे अभिनंदन करताहेत. पण छायाताई, खरं सांगू... एवढ्या वर्षांत माझ्या भरवशावर असं कोणी बसलं नव्हतं.