खोट कुणात

मला दिलं तेव्हा मी अठरा वर्षांची आणि नवरा पंचेचाळिशीच्या पुढचा. सत्तरच्या दशकाची ती सुरुवात. कनेरगाव नाक्याजवळच्या त्या घरात पहिली बायको होतीच. तिला सगळे थोरली म्हणत. वीस वर्षांत तिची कूस उजवली नाही म्हणून मला आणलेलं. वयाचं विचारल्यावर मध्यस्थ माझ्या वडलांना हसून म्हणाला होता, "मर्द और घोडा कभी बुढा नहीं होता!"

चार वर्षं गेली, मलाही दिवस राहिले नाहीत. सासूनं अंगारे लावले, नरसीच्या नामदेवाला नारळ फोडले. मग थोरलीच्या वाट्याचं सगळं माझ्या वाट्याला आलं. डोहाळजेवणाला बोलावणं बंद. शेजारणीचं लेकरू उचललं तर ती ते माझ्या हातातून ओढून घ्यायची.

नांदेडच्या मावशीनं मला डॉक्टरीणबाईकडं नेलं. बाई म्हणाल्या, "तुझं सगळं ठीक आहे. नवऱ्याला तपासा."

हे घरी सांगितलं तर नवरा ताट लोटून उठला. "माझ्यात काय खोट असनार? मी काय बाईमानूस हाय व्हय?"

मी माहेरी निघून गेले. तपासणी केल्याशिवाय पोरगी नांदायला येणार नाही, असं वडलांनी बजावलं, तेव्हा कुठं तो नांदेडला आला.

डॉक्टरांनी त्याचं वीर्य तपासलं आणि दोघांना समोर बसवलं.

"मोठेपणी गालफुगी झाली होती का?"

"विशीत झालती. खालीबी सूज आलती."

"तिथंच बिघडलं असणार. वीर्यात शुक्रजंतू फार थोडे आहेत, तेही मंद. तरुणपणी आला असतात तर काही करून पाहता आलं असतं. आता पन्नाशी आली. वय वाढलं की पुरुषाचंही बीज उतरतं. नुसत्या बायका बदलून काय होणार?"

परतीच्या गाडीत तो एवढंच बोलला, "घरी कुनाला सांगायचं न्हाई." मला वाटलं, लाजला असेल. घरी पोचल्यावर मी पाय धूत होते आणि तो आईला सांगत होता, "हिच्यातबी खोट निघाली."

कापूस वेचताना मी थोरलीला सगळं सांगितलं. तिचे हात थांबले.

"मंजी इतकी वरसं मी उगंच ऐकून घेतलं?"

"त्यालाबी आत्ताच कळलं, आक्का."

"आत्ता कळलं न्हवं? मंग आत्ता काहून बोलंना?"



दोनच महिन्यांत सासूनं तिसरी पोरगी शोधली. हट्टा गावाकडची, सतरा वर्षांची. तिचा बाप बोलणी करायला आला. बैठकीत चारचौघे बसलेले. थोरली पाण्याचा तांब्या घेऊन गेली, तो त्याच्यासमोर ठेवला आणि उभी राहिली.

"दादा, पोरगी दिऊ नका. रान चांगलं हाय, बी पोचट हाय. नांदेडच्या डाक्टरनं तपासून सांगितलंय. इचारा ह्यान्ला."

नवऱ्यानं मान वर केली नाही. तो माणूस चहाला न थांबता निघून गेला. मग मात्र नवऱ्यानं चप्पल उचलली आणि सगळ्यांदेखत थोरलीला मारलं. बसलेल्यांपैकी एकजणही उठला नाही. मी मध्ये पडले तर मलाही फटके बसले.

तिसरं लग्न झालं नाही. गावानं मात्र थोरलीचं खरं मानलंच नाही. सवती एक झाल्या आणि नवऱ्याची अब्रू घेतली, असंच ठरलं. पुढं सासू गेली, काही वर्षांनी तोही गेला. शेवटपर्यंत त्यानं तोंडातून खरं काढलं नाही.

दहाव्याला भावकीतल्या बायका जमल्या. एक म्हणाली, "दोन-दोन बायका करून बिचारा बिनवारस गेला."

थोरली उठली. मग मला म्हणाली, "चल, आपुन जेवून घेऊ." त्या दिवशी आम्ही दोघी पोटभर जेवलो. त्यावरूनही गाव पुष्कळ दिवस बोलत होतं.